चिखलाचा डबा

आमच्या दाजींनी जन्मात कधी कुणाच्या तोंडाकडे आधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. माणूस असो, म्हैस असो, खाट असो की मोटार. त्यांची नजर पहिल्यांदा जमिनीला टेकलेल्या भागावर जायची आणि तिथून सवडीने वर चढायची. पुष्कळदा ती गुडघ्यापर्यंत येऊन थांबायची, कारण तोवर दाजींचं मत कायम झालेलं असायचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. इंदापूर तालुक्यात, भिगवणपासून आत, उजनीच्या पाण्याच्या कडेला त्यांची वस्ती आणि थोडी शेती. मी बारामतीला बँकेत कारकून. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी बघायला आम्ही दाजींनाही नेलं होतं. आत मुलीला नाव, शिक्षण, शिवणकाम वगैरे विचारणं चाललेलं, आणि दाजी दारात काढलेल्या चपलांपाशी उकिडवे बसलेले. बाहेर पडल्यावर वडिलांनी विचारलं, "कशी वाटली?" दाजी म्हणाले, "दोनी टाचा सारख्या झिजल्यात. पोरगी सरळ चालती. व्हय म्हना." वडिलांनी होय म्हटलं. लग्नानंतर वर्षभराने कळलं की त्या चपला माझ्या सासूबाईंच्या होत्या. दाजींना हे सांगितलं तर जरासुद्धा न ओशाळता म्हणाले, "मग काय बिगाडलं? खाण तशी माती."

निवडणुकीच्या दिवसांत एकदा एक उमेदवार वस्तीवर आला. पुढे-मागे माणसं, गळ्यात हार, हात जोडलेले. रस्ता करून देतो म्हणाला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि दाजी बुटांकडे. तो गेल्यावर म्हणाले, "ह्यो गडी परत यायचा न्हाय. बुटाला चिखलाची वळख न्हाय." तो निवडून आला आणि खरंच परत आला नाही. तेव्हापासून वस्तीवरची माणसं दाजींना थोडं वचकून असायची. पाहुणे आले की चपला जरा लांबच काढायचे. त्याचा उपयोग होत नसे, कारण दाजी शोधून काढायचे.

खुद्द आक्काचं लग्नही चपलेवरूनच ठरलं होतं. लहानपणी ती चिंचेच्या झाडावरून पडली, हाड नीट बसलं नाही, आणि डावा पाय दीड-दोन बोटं आखूड राहिला. आमचे वडील लोकांच्या उसात मजुरी करायचे, पण त्यांनी तिला वसतिगृहात ठेवून शिकवली, डी.एड. केली. आमच्या घरात नोकरीच्या नेमणुकीचं पत्र पहिल्यांदा आलं ते तिच्या नावाने. वडिलांनी ते विहारात नेलं आणि सगळ्यांसमोर तिलाच वाचायला लावलं. पण लग्नाचं जमेना. स्थळं यायची, पोहे खायची, ती चहा घेऊन चालत आली की एकमेकांकडे बघायची आणि 'कळवतो' म्हणून जायची. दाजी आले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे दारातल्या चपला उचलल्या. एक टाचेत भोक पडायला आलेली, दुसरी फक्त पुढे झिजलेली. आईचा चेहरा उतरला. दाजींनी दोन्ही चपला उलटसुलट करून बघितल्या आणि वडिलांना म्हणाले, "झिजलीय म्हंजे चालती. घरात बसनाऱ्याची चप्पल नवी ऱ्हाती." एवढ्यावर लग्न ठरलं. आक्का सांगते की त्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला तो हळदीच्या दिवशी, आणि तेव्हा म्हणे जरा दचकले. ते का, हे तिने कधी सांगितलं नाही.

वस्तीपासून तीनेक किलोमीटरवर आक्काची शाळा होती. दोन खोल्या, एक लिंब, आणि आसपासच्या वस्त्यांवरची तीसेक पोरं. ती तिथे लागायच्या आधीचे गुरुजी मिरगाचा पाऊस पडला की जे गायब व्हायचे ते दसऱ्याला सोनं वाटायलाच उगवायचे. त्यांचाही दोष नव्हता. तो रस्ता म्हणजे नुसती काळी माती. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात ती पायाला अशी धरायची की पाय वर यायचा आणि चप्पल तिथेच राहायची. आक्का काठी घेऊन त्यातनं जायची. वर्षानुवर्षं गेली. मग एका पावसाळ्यात दोनदा पडली, चांगल्या पायाचा गुडघा सुजला, आणि बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाई, आता चिखलातनं चालणं बंद. आमच्या घरी पलंगावर पाय लांब करून बसली होती तेव्हा मला हळूच म्हणाली, "बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय रे. पेटीत हाय. येत्या पावसाळ्यात जमलं तर जमलं, न्हायतर तारीख घालून टाकते." मी म्हटलं, चांगलंच आहे की, डांबरी रस्त्यावरची शाळा मिळेल. ती म्हणाली, "मला मिळंल. पोरांना परत दसऱ्यालाच मास्तर मिळंल."

दाजींना त्या अर्जाबद्दल तिने सांगितलं नव्हतं. पण त्याच हिवाळ्यात त्यांनी एका सरकारी खात्याच्या लिलावातली जुनी जीप आणली. दारावरची खात्याची अक्षरं खरवडलेली, तरी उन्हात तिरकं बघितलं की दिसायची. इंजिन धडधाकट होतं. टायर मात्र टकलासारखे गुळगुळीत. आणि जमिनीला टेकणारा भागच असा म्हटल्यावर दाजींच्या आयुष्याला जी दिशा लागली ती लागलीच. पुढचे चार महिने ते टायर शोधत होते. मुलीला स्थळ बघताना बाप फिरत नसेल एवढे ते बारामती, इंदापूर आणि भिगवण असे फिरले, आणि बारामतीच्या फेऱ्यांना मी बरोबर हवाच असे. "पाव्हणं, तुमी बँकेतलं. तुमी नुसतं शेजारी हुबं ऱ्हावा," असं त्यांचं म्हणणं.

शेजारी उभं राहणं किती अवघड आहे हे मला पहिल्याच दुकानात कळलं. काचेचं टेबल, उदबत्ती, भिंतीला ओळीने टांगलेले टायर. मालक अदबशीर. "या मामा, बसा. गाडी कुठली?" दाजी म्हणाले, "गाडीचं मागनं. आदी माती बघा." आणि त्यांनी पिशवीतनं एक पत्र्याचा डबा काढून काचेवर ठेवला. डब्यात त्यांच्या रस्त्याची काळी माती. मग पाणी मागितलं. दुकानातल्या माणसाने तांब्याभर आणून दिलं. दाजींनी ते डब्यात ओतलं, बाही वर केली आणि भाकरीचं पीठ मळावं तसा तिथेच चिखल मळायला घेतला. तो हवा तसा झाला की एकेक टायर खाली घ्यायला लावून त्याच्या नक्षीच्या खाचेत अंगठ्याने दाबून दाबून भरायचा आणि टायर जमिनीवर आपटायचा. किती आपटण्यात चिखल सुटतो ते मोजायचे. पाचाच्या वर गेला की टायर नापास. "चिखलात टायरनं धरायला पायजे तसं सोडायलाबी पायजे," ते मालकाला समजावत होते. "नुसतं धरून ठिवलं की खाच भरली. खाच भरली की टायर टकला. मग नवा काय आन जुना काय." मालक मान डोलवत होता आणि त्याचा नोकर फडकं घेऊन काच पुसत होता. त्या दिवशी अकरा टायर नापास झाले. मी माझ्या बँकेतल्या तोंडाचं काय करावं हे न कळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

पुढेपुढे असं झालं की दाजी डबा घेऊन चौकात दिसले की दुकानदार आपणहून पाणी भरून ठेवायचे. एकाने तर त्यांच्यासाठी जुनं पोतं अंथरायला काढलं होतं. पण दाजींचा अभ्यास दुकानापुरता नव्हता. गाळपाच्या दिवसांत ते माळेगावच्या कारखान्यावर जाऊन उसाच्या गाड्या मोजत बसायचे असं मी ऐकलं होतं. मोजत नव्हते, टायर बघत होते. भिगवणला हायवेकडेच्या खानावळीत मासे खायला बसले की तोंड ट्रककडे. दोनदा काटा अडकला. एकदा दुपारी मला बँकेत फोन आला की एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पाच्या गेटवर तुमचा माणूस धरून ठेवलाय. मी सायकल दामटत गेलो. झालं होतं असं की पाळी बदलायच्या वेळी कामगारांच्या मोटरसायकली ओळीने लागलेल्या आणि दाजी एकेका चाकाला हात लावत, वाकून वाकून पुढे चाललेले. वॉचमनला वाटलं हवा सोडतायत. मी पोचलो तेव्हा काय बघतो, वॉचमन स्टुलावर बसलेला, त्याचा उजवा बूट दाजींच्या हातात, आणि दाजी सांगतायत, "आतल्या अंगानं झिजलाय बघा. म्हनून तुमची कंबर धरती." वॉचमन थक्क होऊन म्हणाला, "साहेब, हे डॉक्टर का?" मी म्हटलं, दाजी आहेत.

याच सुमारास इंदापूर रोडच्या एका मिस्त्रीने दाजींना सरळ तोडगा सांगितला. दाजींच्या परीक्षेत पास झालेला, बोटाचं पेर आत जाईल एवढ्या खोल नक्षीचा टायर मिळाला होता, पण तो जीपच्या मूळ टायरपेक्षा एक माप मोठा होता. आत बसला तरी वरच्या मडगार्डला जेमतेम दोन बोटं सुटत होती. मिस्त्री म्हणाला, "दाजी, स्प्रिंगच्या कमानीत दोन-दोन पाटे वाढवू. गाडी चार बोटं उचलती. मग ट्रॅक्टरचा टायर आणा, बसवून देतो." मला ते अगदी पटलं. दाजी म्हणाले, "न्हाय. गाडीची उंची हाय तेवढीच ऱ्हानार." मिस्त्रीने समजावलं, मी समजावलं. ऐकतील तर शपथ. मला मनापासून राग आला. चार महिने माझे रविवार चिखलात घालवलेला माणूस चार बोटांसाठी अडून बसतो म्हणजे काय! बाहेर चहाच्या टपरीवर मी तसं बोलूनही दाखवलं. दाजी बशीत चहा ओतत म्हणाले, "बाईंचा पाय तेवढाच उचलतो." आक्काला ते सगळ्या गावासारखं 'बाई'च म्हणायचे. मी म्हटलं, "मग खाली आणखी एक पायरी लावू की." दाजींनी बशी तोंडाला लावली, चहा संपवला, मिशा पुसल्या. म्हणाले, "दोन पायऱ्या म्हंजे शाळंपुढं लोकं दोनदा बघनार. चढताना कुनी बघितल्यालं त्यांना आवडत न्हाय." आणि उठून चालू लागले. मी तिचा सख्खा पाठीवरचा भाऊ. तिला हे आवडत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तर उंची तेवढीच ठेवून, दोन बोटांच्या फटीवर भरवसा टाकून, मेअखेरीला टायर बसले. डांबरी रस्त्यावर त्यांचा आवाज एवढा घूंऽऽ यायचा की भिगवणच्या चौकातली माणसं विमानासाठी वर बघायची. वस्तीवरच्या पोरांनी प्रत्येक खाचेत बोट घालून बघितलं. दाजींनी आक्काला टायर दाखवले ते असे, जसे काही स्वतः घडवले आहेत. तीही चारी चाकांभोवती एक चक्कर मारून आली. मी तिला ओळखतो. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिने नवा खडू-डस्टर पिशवीत भरला, तेव्हाच मला कळलं की ती अर्ज विसरायच्या तयारीत आहे.

पहिला जोराचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम रजा काढून तिथे होतो. जीप निघाली आणि काय सांगू, निम्मा रस्ता अशी गेली की मी मनातल्या मनात दाजींच्या त्या सगळ्या डब्यांची माफी मागितली. आक्का पुढे बसलेली, मांडीवर हजेरीपुस्तक, चेहरा पोरीसारखा. आणि मग गाडी जड व्हायला लागली. इंजिन गुरगुरतंय, गाडी हलत नाही. कुणीतरी चाकं घट्ट धरून ठेवावीत तसं झालं. उतरून बघितलं तर टायर आणि मडगार्ड यांच्या मधली दोन बोटं ठासून भरलेली. हाताने निघेना. खुरप्याने खणायला घेतलं तेव्हा मुठी-मुठीने बाहेर आलं ते पाचट. उसाची वाळलेली पानं. हंगामभर त्या रस्त्याने ऊस जातो, त्याचं पाचट सांडतं, चाकांखाली तुटतं, मातीत मिसळतं. पावसाळ्यात त्याचा असा गिलावा होतो की त्यावर भिंत उभी राहावी.

दाजी हातातल्या त्या गोळ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ह्यात पाचट हाय."

मी म्हटलं, "असणारच की."

"डब्यात नव्हतं."

"का नव्हतं? माती इथलीच नेली होती ना?"

दाजींनी मान खाली घातली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "चाळून नेली व्हती," ते म्हणाले. "मान्सांच्या दुकानात न्यायची माती. काडीकचरा कसा न्यायचा?"

जीपमधून आक्का म्हणाली, "म्हणजे माझी पिठाची चाळण तुम्ही घेतली होती? मी वस्तीवरच्या पोरांना बोलले हो तिच्यापायी!"

असं ती म्हणाली खरं, पण तिचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. मग ती उतरली. काठी घेतली. दाजी म्हणाले, "थांबा, काडतो की," ती म्हणाली, "प्रार्थनेची वेळ झाली," आणि चालू लागली. मी हात धरायला गेलो तर तिने नको म्हटलं. दीड किलोमीटर ती तशी गेली, आणि आम्ही दोघं खुरपी घेऊन, तिच्या पाठीकडे न बघण्याचा प्रयत्न करत, पाचट उकरत राहिलो. दाजींना धीराचे चार शब्द बोलावे असं फार वाटलं. पण चूक एवढी साधी होती की तिच्यावर समजूत कशी घालणार?

संध्याकाळी दिवेलागणीला आक्काने गुडघ्याला गरम मिठाचं फडकं बांधलं, पेटी उघडली आणि तळातनं घडी घातलेला कागद काढला. मला म्हणाली, "पेन दे." मी खिशातलं पेन काढलं. ते तिच्या हातात ठेवलं. तिने कागद उलगडला, आणि मग उलटा केला. बराच वेळ बघत बसली. मी वाकून पाहिलं. अर्जाच्या पाठीमागे, कोऱ्या बाजूला, शिसपेन्सिलीने एक चाक काढलेलं होतं. त्याच्यावर मडगार्डची कमान. कमानीवर एक तुटक रेघ आणि शेजारी दाजींच्या वाकड्या अक्षरात, 'हितनं कापणे. चार बोटं.' रेघ ताजी होती. बोटाला शिसं लागत होतं.

दाजी ओट्यावर पाठमोरे बसले होते. आक्काने तिथूनच विचारलं, "अवो, ह्यो कागद कुठनं घेतला तुम्ही?"

"पेटीतनं. मागची बाजू कोरी व्हती."

"आणि पुढची?"

दाजींनी टाचेचा चिखल खरवडला. "चष्मा नव्हता," म्हणाले.

दाजींना चष्मा नव्हताच. दाजी अंधारात नाल्याच्या पलीकडचं बैलाचं पाऊल ओळखायचे. आक्काने माझं पेन परत दिलं, कागदाची घडी घातली आणि पुन्हा पेटीत ठेवला, पण या खेपेला चित्राची बाजू वर करून. त्या पेटीचं झाकण लावताना तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. उगाच कशाला खोटं बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी छिन्नी-हातोडा घेतला आणि ज्या जीपला ते रोज धुऊन पुसून ठेवायचे तिची चारी मडगार्डं चार-चार बोटं कापून काढली. तो आवाज ऐकून निम्मी वस्ती गोळा झाली. कुणी म्हणालं, "अवो, गाडी उचलून घ्यायची सोडून तोडताय कशाला?" दाजी हातोडा मारत राहिले. कापून झाल्यावर जीप अशी दिसायला लागली की एखाद्या सभ्य माणसाने ओढा ओलांडायला धोतर वर खोचावं. पण चाक मोकळं झालं. पाचट आत अडकायच्या आधी भिरकावलं जाऊ लागलं. आणि ते भिरकावलं जाणं म्हणजे काय हे दोन-तीन दिवसांत सगळ्या पंचक्रोशीला कळलं. जीप लांबून दिसली की बायका पदर, पोरं दप्तर आणि सायकलवाले सायकल डोक्यावर घ्यायचे. पांढऱ्या कपड्यातली माणसं उसात शिरायची. आक्का खताची रिकामी पिशवी फाडून अंगावर पांघरून बसायची. एकदा शाळातपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांना दाजींनी भिगवणवरून आणलं. ते उतरले तेव्हा पोरांना ते ओळखू येईनात. पण भर पावसाळ्यात सगळा पट हजर बघून त्यांनी चिखलाच्या हातानेच शेरा लिहिला. शेरेबुकातलं ते पान आक्का अजून दाखवते. त्यावर साहेबांची सही आहे आणि पूर्ण अंगठाही.

असे बरेच पावसाळे गेले. आक्काने तो अर्ज पुन्हा काढला नाही. टायर झिजले, दाजी पुन्हा डबा घेऊन बारामतीत आले, या खेपेला पाचटासकट. दुकानदार आता त्यांना खुर्ची द्यायचे आणि नव्या गिऱ्हाइकांना सांगायचे, हे मामा पास म्हणाले तर डोळे झाकून घ्या. आणि मग एका वर्षी, त्या बुटवाल्या उमेदवाराने नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी, शाळेपर्यंत रस्ता डांबरी केला. सगळे खूश. दाजी पहिल्या दिवशी त्या डांबरावरून जीप नेऊन आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, "दाजी, सुटलात." म्हणाले, "व्हय. सुटलो." मग जीपच्या चाकांकडे बघत म्हणाले, "आता बाई एसटीनंबी जात्याल की." मला हसू आलं, आणि लगेच आपण हसलो याचं वाईटही वाटलं.

त्यानंतर जीप गोठ्याशेजारी उभी राहिली, आणि दाजींनी तिचे ते खोल नक्षीचे टायर काढून कापायला घेतले. दुपारभर बसून त्यांचे तळ कापायचे आणि आक्काच्या चपलांना शिवायचे. उजवीला एक थर, डावीला दोन. टायरची जाडी अशी नेमकी की आक्का त्या घालून चालली की अनोळखी माणसाला तिचा पाय आखूड आहे हे कळायचंच नाही. ज्या माणसाने जीप चार बोटंसुद्धा उचलू दिली नाही, त्याने बायकोचा डावा पाय मात्र बरोब्बर दोन बोटं उचलून दिला होता. हे आधी का नाही सुचलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सुचलं व्हतं. एवडा जाड रबर कुठं मिळत व्हता?" त्यांच्या मनात टायर निवडताना नक्की कुठला हिशेब होता, ते देव जाणे, मला तरी तेव्हापासून शंका आहे.

दाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. आक्का त्याच शाळेतनं निवृत्त झाली. परवा पावसाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. बांधाच्या कडेला तिने शेवगा लावलाय, तो दाखवायला ती मला घेऊन निघाली. बांधावर तीच काळी माती, तोच चिखल. मी बारामतीचे बूट घालून दर दोन पावलांना घसरत होतो आणि ती पुढे सरळ चालली होती. तिच्या मागे चिखलात जीपच्या टायरचे ठसे उमटत होते. एक, मग एक, पावलाएवढे. डाव्याची नक्षी उजव्यापेक्षा जरा खोल.

मी विचारलं, "ह्या चपला अजून तेव्हाच्याच?"

"ह्या तिसऱ्या," ती मागे न बघता म्हणाली. "अजून चार जोड हायेत माळ्यावर. करून ठेवलेत त्यांनी. एका टायरची नक्षी झिजून संपली तर दुसऱ्याची." मग थोडं चालून म्हणाली, "मी एवढं कुठं चालणार आता? पण त्यांचं म्हणणं, चालाल."

शेवग्यापाशी पोचल्यावर ती मला फांदी धरून काहीतरी सांगत होती, झाड कधी लावलं, शेंगा कधी धरल्या. मी हो-हो म्हणत होतो. पण तिच्या तोंडाकडे माझं लक्ष नव्हतं. मी तिच्या पायांकडे बघत उभा होतो.